बिस्किटांची माटोळी

दुकानात शिरले की माझा हात आधी फळीच्या मागच्या ओळीत जातो. ताज्या तारखेचा पुडा तिथे असतो हे मला माहीत आहे, कारण जुन्या तारखेचा पुढे आणि ताज्या तारखेचा मागे, असं लावायचं काम मी स्वतः केलेलं आहे. मागचा पुडा पिशवीत टाकते आणि मग राहवत नाही म्हणून उरलेली ओळही सरळ करते. पुड्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे, कडा फळीच्या काठाला. नात कंटाळून म्हणते, “आजी, इथे तुला पगार नाही गं.”

तिला काय सांगू? जिथे पगार होता तिथे मी याहून जास्त फुकट केलंय.

ते काम करणारी बाई मला चांगली आठवते. माझ्यासारखीच दिसायची, जरा बारीक. पन्नाशीला टेकलेली, केस काळे करून घेतलेले, आणि स्कूटरवर बसताना पदर खोचायची ऐट अशी, जणू कंपनी हिच्याच सासऱ्याची. माणूस बघताक्षणी ओळखता येतो असा तिचा स्वतःबद्दल समज होता. आज समोर आली तर आधी तिला एक टपली मारीन, मग जेवायला वाढीन. भूक तिला फार लागायची, आणि कौतुकही ती जेवणासारखंच खायची. शिळं की ताजं, बघायची नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख मात्र लांबून वाचायची.

झालं असं की खाणी बंद पडल्या. आमचा ट्रक सुर्ल्याहून खनिज ओढायचा. तो अंगणात येऊन उभा राहिला तो उभाच. हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या. नवरा रोज सकाळी इंजिन सुरू करायचा, थोडा वेळ कान देऊन ऐकायचा, बंद करायचा, आणि पोदेराकडचे पाव घेऊन आत यायचा. ट्रक विकायचं नाव कोणी काढलं तर जेवणावरून उठायचा. मुलगा कॉलेजात होता. ट्रक राहायचा असेल तर घरात दुसरं कुणीतरी कमवायला हवं, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. बोललो मात्र दोघंही नाही.

अशात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सॲपवर जाहिरात आली. बिस्किटांच्या कंपनीसाठी डिचोली आणि पेडणे तालुक्यांत मर्चंडायझर हवेत, स्वतःची दुचाकी, हसतमुख व्यक्तिमत्त्व. मर्चंडायझर म्हणजे काय ते मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. मीच अर्ज केला. नवरा म्हणाला, “तुका कोण घेतलो कामाक? पन्नाशी इली.”

“हसतमुख मागितलंय, तरुण नव्हे.”

“मगे तू हसतंस तरी खंय?”

मुलाखत म्हापशाला, एका रंगाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. टाय लावलेल्या माणसाने विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?” मी म्हटलं, “आमच्याच घरात. सून आली असली तर तिच्या हातचा चहा पीत.” तो हसला. मग कामाचं बोलला, “इब्रामपूरपर्यंत स्कूटर न्याल?”

“तिथे माझी आत्या दिलीय.”

नोकरी मिळाली. म्हणजे कंपनीची नव्हे, एजन्सीची. वर्ष भरायच्या आत संपणारा एक कागद, तो संपला की त्यांच्या मर्जीने दुसरा. पण घरी परत येताना मी डिचोली बाजारात थांबून पेढे घेतले. पहिल्या नोकरीचे पेढे, पन्नाशीत. हसू नका. मी हसतेय तेवढं पुरे.

काम असं, की दोन्ही तालुक्यांतली दुकानं वाटून घेतलेली, दर आठवड्याला प्रत्येकात जायचं, आपल्या कंपनीची बिस्किटं पुढे आणायची, धूळ पुसायची, मुदत संपलेले पुडे काढायचे, मालकाशी गोड बोलून नजरेच्या उंचीची फळी मिळवायची आणि शेवटी फोटो काढून सुपरवायझरला पाठवायचा. नजरेच्या उंचीवर जे असतं ते विकलं जातं, गुडघ्यापाशी असतं ते उंदीर खातात. लाटंबार्शाच्या दुकानात दुसऱ्या कंपनीची एक बाई माझ्या आदल्या दिवशी येऊन माझे पुडे मागे ढकलायची. मी दुसऱ्या दिवशी तिचे ढकलायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण भांडण अगदी मनापासून चालायचं.

सुपरवायझर कोल्हापूरकडचा. माझ्या मुलाहून थोडा मोठा, डिचोलीत खोली घेऊन एकटा राहायचा. एकदा आमच्या दारात त्याच्या मोटरसायकलचं चाक पंक्चर झालं आणि तो जेवायला थांबला. त्यानंतर चाक पंक्चर व्हायची गरज उरली नाही. मला मावशी म्हणायचा. माझं माशाचं हुमण भुरकून म्हणायचा, “मावशी, आमच्या आईच्या हातचं अगदी असंच लागतंय बघा.” त्याच्या गावापासून समुद्र किती लांब, हे त्या शहाणीच्या डोक्यात तेव्हा आलं नाही. तिने त्याला आणखी एक तुकडी वाढली.

त्यानेच एक दिवस सांगितलं, की कंपनी दोन्ही तालुके मिळून एका माणसाला पक्कं करून घेणार आहे. एजन्सीचं नव्हे, कंपनीचं माणूस. नाव सुपरवायझरने सुचवायचं.

“मावशी, तुमचंच नाव जाणार. बिनघोर ऱ्हावा. मी हाय की.”

‘मी हाय की.’ नवऱ्याने हे ऐकलं आणि त्या दिवशी ट्रकच्या काचा धुतल्या.

चवथ, म्हणजे आमची गणेशचतुर्थी, जवळ आली. कंपनीचं फर्मान निघालं की प्रत्येक तालुक्यात एका दुकानात सणाचा खास डिस्प्ले करायचा, उत्तम असेल त्याचा फोटो थेट वर जाईल. तो म्हणाला, हीच तुमची परीक्षा समजा. कंपनीने पुठ्ठ्याचा एक उंदीर पाठवला होता, हातात बिस्किट धरलेला. मी तो फळीमागे ठेवला. मला दुसरंच सुचलं होतं.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. ती माटोळी. ती नसेल तर गणपती आल्यासारखा वाटत नाही. मी ठरवलं, बिस्किटांची माटोळी करायची. दुकान निवडलं इब्रामपूरचं. ते एक म्हातारी चालवायची, सगळा गाव तिला काकी म्हणायचा. तिने काउंटरपुढची जागा दिली आणि आपल्या माळ्यावरची चौकटही काढून दिली.

डिचोलीच्या माटोळीच्या बाजारात मी दोन फेऱ्या मारल्या. काकडीसारखी पण जाडजूड तवशी, चिबूड, तोरिंग, आंबाड्यांचे घोस, लालभडक कवंडळं, सुपारीचं मोठं शिपटं, आणि बांधायला कुंभ्याच्या सालीच्या दोऱ्या. सगळं स्कूटरच्या पुढे मागे. मग बांधायला घेतलं. एक तवसं, एक पुडा. एक चिबूड, एक पुडा. क्रीमची पिवळी बिस्किटं केळ्यांच्या घडासारखी खाली सोडली. लाल पुडे कवंडळांच्या शेजारी, म्हणजे लांबून कुठलं काय ते कळू नये. खरं सांगते, सुंदर झाली होती. तेवढ्यापुरती त्या बाईची चेष्टा मी करणार नाही.

लोक बघायला यायला लागले. कुणीतरी म्हटलं, माटोळी आहे मग देव कुठाय? काकीने आतून गणपतीची तसबीर आणली, माटोळीखाली पाटावर ठेवली, समई लावली. मला वाटलं, वा, शोभा वाढली. समई लागली त्या क्षणी कंपनीचा डिस्प्ले संपला, हे मात्र मला कळलं नाही.

सुपरवायझर आला. बघून हरखला. त्याच्या मोठ्या फोनवर त्याने चारी बाजूंनी फोटो काढले.

“मावशी, तुम्ही जरा कडंला व्हा. माणूस दिसलं की माल दिसत न्हाई.”

मी कडेला झाले. एक गाठ सैल होत होती म्हणून दोरी तेवढी धरून ठेवली.

दीड दिवसाचे गणपती गेले. कंपनीचा नियम असा की सण संपला की डिस्प्लेचा माल सोडवून पुन्हा फळीवर लावायचा. मी स्टूल घेऊन चढले. काकीने खालून माझा पदर ओढला.

“काय करतंस गो?”

“माल सोडवते, काकी. फळीवर लावायचा.”

“अगो बाये, देवाच्या डोक्यार टांगलेलां तां. परत मांडून विकतलंस? गिऱ्हाईक काय म्हणतला माका?”

“काकी, बिस्किटं आहेत ती.”

“तवसां तवसांच आसतां. म्हणान आपण तां बाजारात न्हेवन विकतंव?”

माझा हात चौकटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काकीचं सोडा, माझ्याच हाताला ते होईना. माटोळीचं उतरवलं की शेजारीपाजारी वाटायचं, हे मी पोरगी असल्यापासून करत आलेली. सासूने, आईने, कुणीही माटोळीचा नारळ कधी विकला नाही. मी स्टुलावरून उतरले आणि त्याला फोन लावला. सगळं सांगितलं.

“त्यात काय मावशी? देवाचं हाय ते. वाटून टाका बिनघोर. मी सॅम्पलिंगात दाखवतो.” सॅम्पलिंग म्हणजे लोकांना चाखायला फुकट द्यायचा माल, त्याची कंपनीत वेगळी सोय असते. “कुठे लिहून ठेवू का?” मी विचारलं तर हसला. “मी हाय की!”

मग काय, काकीने आणि मी मिळून वाटलं. वाड्यावरच्या प्रत्येक घरात एक पुडा, एक तवशाची फोड. लोक म्हणायचे, कंपनीचो प्रसाद. पुढे महिनाभर इब्रामपुरात पोरं दुकानात येऊन ‘माटोळीची बिस्किटं’ मागत होती, इतका माल खपला. मी घरी आले ती स्कूटरवर गाणं म्हणत.

मग म्हापशाला बोलावणं आलं. तीच रंगाच्या दुकानावरची खोली. मी इस्त्रीची साडी नेसून गेले, पक्कं करून घेणार म्हणून. समोर कंपनीचा एक वरचा साहेब, शेजारी आमचा सुपरवायझर. साहेबाने विचारलं, इब्रामपूरच्या डिस्प्लेचा माल परस्पर कसा वाटला? मी हसले, कारण उत्तर शेजारीच बसलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं.

तो साहेबाकडे बघत म्हणाला, “मावशींनी मला आधी विचारायला हवं होतं. आमचं याबाबत काहीच बोलणं झालं नव्हतं.”

इतकं शुद्ध मराठी मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

आणि आता त्या बाईची अक्कल बघा. तिला वाटलं, साहेबासमोर बिचाऱ्याला तसं बोलावं लागतंय. बाहेर आल्यावर समजावून सांगेल. तिने फोनचं नावही काढलं नाही. ‘चूक झाली’ म्हणाली! नको तिथे समजूतदार. खाली स्कूटरपाशी रंगाच्या डब्यांच्या वासात उभी राहून त्याची वाट बघितली. तो जिना उतरला, कानाला फोन. मला बघून त्याने हात हलवला, गाडी मागे घेताना आडव्या आलेल्या माणसाला हलवतात तसा. निघून गेला. तरी तिने संध्याकाळी बांगडे तळून ठेवले. येईल जेवायला, म्हणेल, मावशी, असं झालं बघा. बांगडे शेवटी मांजराने खाल्ले.

कागद पुन्हा झाला नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीने दुकानदारांना सांगितलं, आधीच्या बाईंनी मालाची गडबड केली. तिचा काय दोष, तिला तसंच सांगितलं होतं. काकी मात्र बसने आमच्या घरी आली, दारातच म्हणाली, “माका घेवन चल थंय. मी सांगतंय.” मी नेलं नाही. कुणाला सांगणार होती ती? फोन तिने केला नव्हता.

ट्रक विकला. घेणारा सीमेपलीकडचा होता. हौद्यातली अंडी काढायला मी चढले. नवरा खाली उभा राहून ती एकेक माझ्या हातातून घेत होता. खाली बघतच म्हणाला, “फोन खरोच केललंस मगे?”

सुपरवायझरचं बोलणं मला म्हापशाला लागलं होतं. हे त्याहून खोल लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी खोटं ठरवलं नव्हतं. आताही ठरवत नव्हता, फक्त विचारत होता. मी म्हटलं, “केला.” तो “बरां” म्हणाला. पुन्हा त्यावर बोलला नाही, आणि त्या न बोलण्याचा आवाज मला रोज येत राहिला.

मी पुन्हा अर्ज करायला लागले. चहा, साबण, मसाले. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, मागची नोकरी का सोडली? पहिल्या मुलाखतीत मी सगळी माटोळी सांगितली, बांधण्यापासून वाटण्यापर्यंत. समोरच्या बाईंनी घड्याळ बघितलं. नंतर मी थोडक्यात सांगायला लागले. मग नुसतं ‘घरगुती कारण’.

चहाच्या कंपनीत एका तरुण साहेबाने संगणक माझ्याकडे वळवला. “आम्हाला असं नवीन काही करणारी माणसं हवीत. हे बघा, आपल्या बाजारात फार गाजलं हे. तुमच्याच भागातलं आहे. करणारा माणूस आता पुण्याला मोठ्या जागेवर गेला.”

माझी माटोळी. पिवळा घड, लाल कवंडळं, मध्ये शिपटं. आणि उजव्या कडेला, कोपरापाशी कापलेला, हिरव्या बांगड्यांचा एक हात. दोरी धरलेला.

मी म्हटलं, “हा माझा हात.”

त्याने फोटो मोठा केला. मनगट पडदाभर झालं. मग माझ्या हाताकडे बघितलं. बांगड्या त्याच होत्या, मी दाखवल्याही. तो सौजन्याने म्हणाला, “मॅडम, अशा बांगड्या सगळ्याच बायका घालतात.”

कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

मग मी अर्ज करणं सोडलं. मुलगा कामाला लागला, सून आली, चहा मिळायला लागला. मुलाखतीतलं माझं तेवढं एक उत्तर खरं झालं.

आणि गेल्या चवथीला आमच्या दारात एक मोठी गाडी थांबली. तो उतरला. पोट सुटलेलं, सोबत बायको, हातात मिठाईचा डबा. ओट्यावरच वाकून माझ्या पायाला हात लावला आणि हळू आवाजात म्हणाला, “मावशी, तुमच्यामुळं इथवर आलो बघा.” आवाज फक्त मला ऐकू जाईल एवढाच. बायको अजून चपला काढत होती, नवरा आत माटोळीखाली बसला होता.

मी त्याला आत नेलं. जेवायला वाढलं. हो, वाढलं. आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची मला सवय नाही, आणि शिवाय मला काहीतरी हवं होतं. त्याने तेच वाक्य एकदा आत, मोठ्याने म्हणावं. बस्स. पक्की जागा नको, पगार नको, पुण्याची खुर्ची त्यालाच लखलाभ. नवऱ्यासमोर एकदा म्हणावं.

तो नेवऱ्यांचं कौतुक करत होता, त्याच्या आईच्या करंज्या अशाच असतात म्हणत होता. माझ्या ओठांवर हसू यायला लागलं. तेवढ्यात नवरा, जो या विषयावर इतकी वर्षं बोलला नव्हता, एकदम म्हणाला, “त्यावेळी हिणा तुका फोन केललो, नाय रे?”

सून नेवऱ्या वाढत होती ती थांबली. त्याचा हात ताटावर होता. त्याने आणखी एक नेवरी उचलली, मोडली.

“आता एवढं जुनं कुठं लक्षात राहतं, काका,” तो म्हणाला. “जाऊ दे. सण आहे.”

मी उठले आणि पाणी आणायला आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकले. रडले नाही. एवढंच वाटलं, की मी बांगडे तळून ठेवलेत आणि अजून वाट बघतेय.

संध्याकाळी विसर्जन झालं. त्याने आरत्या मोठ्याने म्हटल्या. परत येऊन आम्ही माटोळी उतरवली आणि वाटायला बसलो. शेजारणींना नारळ, तवशी. त्याच्या बायकोला मी चांगला पिकलेला चिबूड दिला आणि तोरिंग. तिचं काय वाकडं होतं माझ्याशी? मग चौकटीवरचं सगळ्यात मोठं, सगळ्यात लाल कवंडळ सोडवलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

“काय सुंदर आहे हो! खायचं का हे?”

“छे रे बाबा. शोभेचं. गाडीत पुढे ठेव, काचेपाशी. देवाचं आहे, टाकू मात्र नकोस.”

त्याने ते खरंच काचेपाशी ठेवलं आणि फोटोही काढला. कवंडळ बाहेरून लालचुटूक दिसतं, पण चारआठ दिवसांत ऊन लागून फुटलं की आतला काळा गीर बाहेर येतो आणि वास असा, की कुत्रंसुद्धा गाडीत बसणार नाही. आणि देवाचं म्हणून टाकायलाही धजणार नाही तो. हे मी आमच्या नातीलाही सांगितलं नव्हतं, आता वाचेल.

गाडी वळणाआड गेली. नवरा ओट्यावरच उभा होता. तिथूनच म्हणाला, “फोन केललंस तू.”

मी म्हटलं, “इतक्या वर्षांनी कसं कळलं?”

“‘कसलो फोन’ म्हणान इचारल्यानच नाय. इसरलेलो माणूस आधी तां इचारता.”

तो अंगणात बघत होता, जिथे पूर्वी ट्रक उभा असायचा. आता तिथे सुनेची स्कूटर असते. मी त्याच्या हातात उरलेला नारळ दिला.

“मगे?” मी म्हटलं. “आता ट्रक आणतंस परत?”

त्याने नारळ कानाशी धरून हलवला, आत पाणी आहे का ते ऐकलं, आणि फोडायला घेऊन गेला.